कानस लावलेली गोळी

सरकारी नोकरीतून मोकळा होऊन आता बरीच वर्षं झाली. चोऱ्या, दरोडे, मारामाऱ्या, किती केसेस हाताखालून गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण शिशाचा एक तुकडा आहे, करंगळीच्या पेराएवढा, तो काही डोक्यातून जात नाही. त्या तुकड्यावर एका माणसाला फासावर चढवायची सगळी तयारी झाली होती, आणि ती दुसऱ्या कोणी नाही, मीच केली होती. नावं कोणाचीच लिहीत नाही. काही माणसं गेली, काहींची नातवंडं आज बाजारात भेटतात, रामराम करतात.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली त्यातली एक तहसील. तिच्याही पुढे, जंगलात, माझं ठाणं. कौलारू इमारत, एक हवालात, एक मालखाना, दहा शिपाई, तितक्याच जुन्या मस्केट बंदुका आणि एक जमादार. जमादाराचं घराणं लाकूडतोड्यांचं. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण जंगल त्याला तळहातासारखं पाठ होतं. मी तिशीच्या आतला, नवा ठाणेदार. अंगात रग होती आणि आपल्याला सगळं कळतं असा भ्रमही होता.

वैशाखातली गोष्ट. सकाळी गावचा कोतवाल धावत आला, धापा टाकत म्हणाला, "साहेब, नाकेदार मरून पडला हाय. पाणवठ्याजवळ. गोळी लागली."

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. आम्ही सायकली ढकलत पोचलो. पाणवठ्याच्या काठावर माणूस पालथा पडलेला, हातात लोटा तसाच. गोळी मांडीच्या वर, जांघेत लागली होती. रक्त जाऊन जाऊन मेला होता, बिचारा. आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर पाणी प्यायला थांबला असावा. आजूबाजूला हातभर माती चाळली, एकही काडतूस सापडलं नाही. पंचनामा केला, प्रेत बैलगाडीत घालून तहसिलीच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी शिशाचा तुकडा काढला, पुडीत बांधून सही करून दिला. त्यांनी कागदावर लिहिलं होतं, "शिशाचा तुकडा". मी ठाण्यात येऊन माझ्या डायरीत लिहिलं, "शिशाची गोळी, भरमार बंदुकीची". हा शब्दांचा फरक लक्षात ठेवा, कारण मी ठेवला नाही.

भरमार म्हणजे तोंडातून दारू ठासून उडवायची गावठी बंदूक. जवळच्या पाड्यात एका गोंड शेतकऱ्याकडे परवान्याची भरमार होती. त्याचं आणि नाकेदाराचं महिन्यापूर्वी भांडण झालेलं, भर बाजारात. नाकेदाराने त्याच्या बायकोची मोहफुलांची टोपली लाथेने उडवली होती, आणि हा म्हणाला होता, "पुन्हा हात लावशील तं पाहून घेईन." बंदूक मागवली, नळीला नाक लावलं, ताज्या दारूचा वास! मग काय विचारता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"काल उडवली?"

"परवा, साहेब. डुकरं आली होती धानाच्या बांध्यात."

"वैशाखात धान कुठला रे?"

"विहिरीजवळ थोडा उन्हाळी हाय, साहेब. चाला, दाखवतो."

मी गेलो नाही. गेलो असतो तर डुकरांनी उकरलेला बांध दिसला असता. उलट मी त्याच्या दोन कानशिलात दिल्या. तो ओरडला नाही, रडला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला निर्ढावलेला समजलो. सत्तरीच्या पुढे माणसाला खोटं बोलायचं कारण उरत नाही म्हणून सांगतो, त्या दोन थपडांची मला आजही लाज वाटते.

त्याची बंदूक, दारूचं शिंग आणि शिशाच्या आठ गोळ्या मालखान्यात जमा झाल्या. आरोपी चांद्याच्या जेलात गेला. सर्कल इन्स्पेक्टर साहेबांनी पाठ थोपटली, "चार दिवसांत खून उघडा पाडला, वा!" आता चार्जशीट तेवढी बाकी होती. कलम तीनशे दोन. पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एक बाई मात्र पिच्छा सोडेना. आरोपीची बायको. दर दोन दिवसांनी चार कोस चालत यायची आणि ठाण्यासमोरच्या मोहाच्या झाडाखाली बसायची. मी सांगितलं, "बाई, नवरा तुझा चांद्याला आहे. इथे बसून काय होणार?"

"चांद्याच्या लोकायनं कुठी नेला?" ती म्हणाली. "तुमीच नेला न? मंग तुमालेच मांगतो."

जमादार तोंड फिरवून हसला. मला राग आला, पण तिला उठवायचं काही जमलं नाही. एक दिवस तिने हातवारे करत आणखी एक गोष्ट सांगितली. "साहेब, त्या दिशी मी विडीसाठी टेंभराचा पाला तोडून राह्यली होती, पाणवठ्याच्या अंगाले. दोन बार आयकले. एक झाला, अन् विडी पेटवत नाई तं दुसरा. पयला कडक होता. दुसरा घोगरा, गळ्यात अडकल्यावानी."

"नवऱ्याला वाचवायला काहीही सांगशील."

"भरमार भराले किती वेळ लागते, साहेब? तुमीच भरून पाहा एक डाव."

मी तिला हाकललं. ती जाऊन पुन्हा मोहाखालीच बसली. पण तो प्रश्न काट्यासारखा रुतून बसला, आणि तिसऱ्या दिवशी मी लाज गुंडाळून जमादाराला म्हणालो, "काढ रे ती भरमार. भरून दाखव." जमादाराने दारू ओतली, चिंधी ठासली, गोळी टाकली, पुन्हा ठासली, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली. तेवढ्यात मी एक विडी पेटवली, ओढली आणि विझवलीसुद्धा.

तरीही मी मनाची समजूत घातली की बाईने दुसऱ्या शिकाऱ्याचा बार ऐकला असेल. माणसाला आपली केस मोडायची नसते. लेखणी हातात घेऊन मी मुद्देमालाची यादी करायला बसलो. पुडीतला तुकडा एका हातात घेतला, आरोपीची एक गोळी दुसऱ्या हातात. गोळी गोल, बोरासारखी. तुकडा लांबट, एका बाजूने सपाट, जरासा वाकलेला. हाडाला लागून लांबला असेल म्हणावं, तर तो हाडाला लागलाच नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलं होतं. मी चाकू घेतला आणि आरोपीची गोळी मधोमध कापली. आत काळपट, खरखरीत, वाळूचे कण. जमादार म्हणाला, "तसंच असते, साहेब. हे लोक जनावर मारलं का गोळी उकरून काढतात, इतळवतात अन् पुन्हा पाडतात. शिसं भेटते कुठी? एक एक गोळी पाच-पाच डुकरं पाहून आलेली असते."

मग मी पुडीतल्या तुकड्याला चाकूचं टोक लावलं. लोण्यासारखं स्वच्छ शिसं. आणि त्याच्या निमुळत्या टोकात रुतलेला एक पांढरा कण. तो काळा पडलेला नव्हता, चाकूला शिशासारखा दबतही नव्हता. जमादाराने तो उजेडात धरला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"साहेब, हे तं जर्मन हाय!"

जर्मन म्हणजे अल्युमिनियम. आमच्याकडे त्या भांड्यांना जर्मनचीच भांडी म्हणतात. गोंडाच्या भरमारीत जर्मन कुठून येणार?  एवढे दिवस तो तुकडा पुडीत होता आणि मी एकदाही धड पाहिला नव्हता.

चांद्याच्या पोलीस लाइनीत हत्यारं दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याने भिंग लावून पाहिलं आणि काही न बोलता थ्री-नॉट-थ्रीची एक गोळी कानशीने उभी घासून माझ्यापुढे ठेवली. वर तांब्याचं पातळ कवच, आत शिसं आणि नाकात जर्मनचा छोटा खुंटा.

"फौजेची गोळी, ठाणेदार साहेब. नाक हलकं आणि बूड जड ठेवतात."

"मग हिचं कवच कुठे गेलं?"

"तेच तर मला कळत नाही," मिस्त्री म्हणाला. "या टोकावर कानशीचे ओरखडे दिसतात. कोणीतरी गोळीशी चाळा केला आहे."

थ्री-नॉट-थ्री हे लष्कराचं माप. साध्या माणसाला त्याचा परवाना मिळतच नसे. आमच्या हद्दीत ती रायफल जाणणारा एकच इसम होता. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात जाऊन आलेला, झाडावर बसून दुर्बिणीच्या रायफलीने मारणारा. गावात सगळे त्याला फौजी म्हणत. लढाईनंतर तो एका लाकूड ठेकेदाराकडे शिकारी म्हणून होता. ठेकेदाराचे पाहुणे येत, त्यांना हा सांबर-चितळ दाखवी. होळीच्या सुमारास नोकरी सोडून घरी बसला होता. मी त्याला ठाण्यात आणवलं.

दोन दिवस तो दगडासारखा बसला. गोड बोललो, दम दिला, उपाशी ठेवीन म्हणालो. "मले काई माहीत नाई," एवढंच. नाकेदाराचा खून तूच केलास म्हणालो, तर खांदे उडवले. या माणसाने मरण जवळून पाहिलं होतं, माझ्या फासाच्या गोष्टींनी त्याचं काय वाकडं होणार! तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला आणि मी जमादाराकडे पाहून, सहज बोलावं तसं म्हणालो, "कसला आला फौजी! गोळीला कानस लावून मारतो. छातीवर धरली आणि लागली जांघेत."

कप खाली आदळला. फौजी ताडकन उभा राहिला.

"कोन म्हनते मी कानस लावली? फौजी मानूस गोळीले कानस लावत नाई, साहेब! मी मारली असती तं जांघेत लागली असती काय?"

"मग कोणी लावली?"

 आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मग हळूच खाली बसला आणि कपाळाला हात लावला. खुनाचा आळ त्याने दोन दिवस पचवला होता. कामात कच्चा, अडाणी म्हटलेलं त्याला क्षणभर पचलं नाही. पुढच्या नोकरीत कित्येक कारागिरांच्या बाबतीत मी हे पाहिलं.

एकदा बांध फुटल्यावर मात्र फौजी थांबला नाही. नदीपलीकडे राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत तिकडची पुष्कळ हत्यारं इकडे-तिकडे झाली. त्यातली एक दुर्बीण लावलेली लष्करी रायफल ठेकेदाराच्या हाती आली, आणि काडतुसांची पेटीही. दुर्बीण रायफलीला जुळवून देणारा फौजीच.

"अशी रायफल म्हंजे बायकोवानी असते, साहेब. एकाच घाण्यातले काडतुसं द्याचे, एक एक करून भराचे. ठेकेदारानं दोन जातीचे मिसळले. मशीनगनचे होते, शेपटीकडं निमुळते. ते लांब जाते, पण नळी खाते, अन् झिजल्या नळीत नीट बसत नाई. साधे काडतुस नळीले जपते, पण मारा कमी. लांबचं पाहिजे तं नळी द्या, नळी पाहिजे तं लांबचं सोडा. दोनी नाई भेटत."

"आणि कानस?"

"फौजेची गोळी मानसासाठी हाय. सांबराच्या आरपार जाते, फुटत नाई. सांबर जाते दोन कोस अन् झुडपात मरते. पाहुन्यायपुढं ठेकेदाराची फजिती होये. कोनी तरी सांगतलं का नाक घासलं तं गोळी आत फुटते, जनावर जाग्यावर पडते. मी म्हनलो, मालक, हे करू नोका. गोळीचं बूड उघडं असते. नाकबी उघडं केलं तं मांगून जोर येते अन् शिसं एकटंच निंगून जाते, कवच नळीत राह्यते. मंग दुसरी गोळी घातली तं नळी फुगते. आयकलं नाई. पांढरं दिसेपर्यंत घासत बसला, त्याले वाटलं शिसं आलं. ते होतं जर्मन. मी नोकरी सोडली."

माझ्या कानात ती बाई बोलत होती. पहिला बार कडक, दुसरा घोगरा, गळ्यात अडकल्यावाणी.

"तुला रायफल दाखवली का त्यानंतर?"

"नाकेदार मेला त्याच्या दुसऱ्याच दिशी बोलावलं. नळीले पोट आलं होतं, गाभन म्हशीवानी. सुधरून दे म्हने. मी समजलो. काई बोललो नाई."

"आणि तो गोंड आत गेला, तुला ठाऊक होतं?"

त्याने मान खाली घातली. "होतं, साहेब. पन ती दुर्बीन माह्या हातानं लागली हाय. मीबी आत गेलो असतो. लेकरं लहान हायेत."

मी त्याच्यावर तुटून पडणार होतो, जीभ वळवळत होती. पण कोणत्या तोंडाने? हा भिऊन गप्प बसला होता, मी तर शाबासकी घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन ठेकेदाराच्या डेपोवर धाड घातली. ठेकेदार हसतमुख. "या ठाणेदार साहेब, बसा. चहा आणतो." मी चहा नाकारला. बंगला उलथापालथा केला, छप्पर, कोठी, विहीर, गुरांचा गोठा. दुपार टळली तरी रायफल नाही. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एक लांब पितळी दुर्बीण मात्र उघड्यावर ठेवलेली. "पाखरं पाहतो," ठेकेदार म्हणाला. फौजीने मला आधीच सांगून ठेवलं होतं की या जातीच्या रायफलीची आणि दुर्बिणीची जोडी ठरलेली असते, दुर्बिणीच्या पट्टीवर रायफलीचा नंबर कोरलेला असतो. नंबर होता. पण रायफलच नसेल तर नंबर घेऊन काय चाटायचा? रिकाम्या हाताने परतलो असतो तर रात्रीतून ती रायफल नदीत गेली असती आणि तिच्याबरोबर तो गोंडही.

ठेकेदार आता उघड हसू लागला होता. आमचे शिपाई पाण्यासाठी व्याकूळ झालेले. जमादार सागवानाच्या थप्प्यांमधून नुसता फिरत होता. एका थप्पीपाशी तो थबकला.

"साहेब, इकडं या. हातोडा पाहा."

जंगलखातं पास केलेल्या प्रत्येक लाकडावर हातोड्याने शिक्का ठोकतं. थप्पी लावताना ते शिक्के बाहेर ठेवायचे, म्हणजे तपासणीला सोपं. त्या थप्पीत सगळे शिक्के बाहेर होते, पण एका नगाला, म्हणजे ओंडक्याला, तोंडावर शिक्काच नव्हता.

"बिनशिक्क्याचा असेल, चोरीचा," मी म्हणालो.

"चोरीचा नग कोनी समोर ठेवते काय, साहेब? हा उलटा लागला हाय. लाकूड लावनारा मजूर असा लावत नाई. हे मालकाच्या हातचं काम हाय."

मी ठेकेदाराकडे पाहिलं. हसू पार मावळलं होतं. तो नग ओढला. मागच्या पोकळीत, तरटात गुंडाळलेली रायफल. मधोमध नळी फुगलेली. नंबर दुर्बिणीवरचाच. आणि थप्पीच्या पोटात खरोखरच बिनशिक्क्याची लाकडं निघाली. नाकेदाराने तीच पकडली होती आणि रिपोर्ट द्यायला निघाला होता.

ठेकेदाराची बोबडी वळली. "सांबर समजून मारली हो, साहेब! आईची शपथ."

"दुर्बिणीतून?" मी विचारलं. "हातात लोटा घेतलेलं सांबर?"

चांद्याच्या मिस्त्रीने पंचांसमोर नळीत गज घातला आणि चिरफाळलेलं तांब्याचं कवच बाहेर पाडलं. कोर्टात ते कवच आणि तो शिशाचा तुकडा शेजारी-शेजारी ठेवले. फौजी साक्षीला उभा राहिला, ताठ, बुटाला पॉलिश करून. ठेकेदाराला सजा झाली. बेकायदा हत्याराचं प्रकरण फौजीवरही चाललं, पण त्याने खरं सांगितलं म्हणून थोडक्यात निभावलं.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी सांगतो की मुद्देमाल आधी पाहावा आणि नाव मग द्यावं. आरोपीच्या बायकोचं बोलणं आरोपीच्या बायकोचं म्हणून टाकून देऊ नये. हे मी पुढे हाताखालच्या पोरांना शिकवलं. पण मला शिकवलं ते दुसऱ्याने.

तो गोंड शेतकरी सुटून आला त्या दिवशी नवरा-बायको दोघंही बंदूक न्यायला ठाण्यात आले. पावसाळा लागला होता. जेलात तो निम्मा झाला होता, गालफडं बसलेली. मी स्वतः मालखाना उघडला, बंदूक पुसून दिली, दारूचं शिंग दिलं, गोळ्यांची पुरचुंडी दिली. माफी मागायचं मनात होतं, पण तेव्हाच्या ठाणेदाराच्या तोंडात तो शब्द बसत नसे. तो खाली बसला, पुरचुंडी सोडली आणि एक एक गोळी बोटाने बाजूला करत मोजली.

"साहेब, आठ होत्या. सात हायेत."

मी मेजाच्या खणातून दोन अर्धुकं काढून त्याच्या हातावर ठेवली. "ही आठवी. मी कापून पाहिली. आत काय आहे ते कळलं, म्हणून तू सुटलास."

त्याने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे, अगदी तसंच, थपडा खाल्ल्या तेव्हा पाहिलं होतं तसं. आवाजात राग नव्हता. खरंच कळावं म्हणून विचारतो तसं त्याने विचारलं.

"मंग पयल्याच दिशी काऊन नाई कापली, साहेब?"

जमादार पुढे झाला, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून. मी त्याला हाताने थांबवलं.  दोघं ती दोन अर्धुकं बाकीच्या गोळ्यांबरोबर बांधून घेऊन गेले.